नावावर करायची राहिलेली गाडी

ती मोटारसायकल मी दिवाळी झाल्यावर विकली. काळी, आठ वर्षं वापरलेली, टाकीला डाव्या बाजूने पोचा आलेली. काळेवाडीहून चाकणला कंपनीत जायला मी तीच वापरायचो. मग कंपनीची बस आमच्या चौकातून जायला लागली आणि गाडी जिन्याखाली धूळ खात उभी राहिली. तिच्या हँडलवर बायको फरशी पुसायचं फडकं वाळत घालायची आणि म्हणायची, “काढून टाका हो ही आता.”

घेणारा आमच्याच लाइनवरचा होता. मी क्वालिटीला, पर्मनंट. तो ठेकेदाराकडचा, तपासलेले पार्ट ट्रॉलीत लावणारा. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला, तिशीच्या आतला, कुरुळीत आणखी दोघांबरोबर खोली घेऊन राहायचा. बायको आणि दोन वर्षांची मुलगी गावाकडे. मला तो साहेब म्हणायचा. मी काही साहेब नव्हतो, पण त्याला मी कधी थांबवलंही नाही.

गाडी न्यायला तो एका गुरुवारी घरी आला. चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. येताना झेंडूचा हार आणि नारळ घेऊन आला होता. जिन्याखाली त्याने गाडी स्वतः धुतली, हार घातला, नारळ फोडला आणि फोटो काढून बायकोला पाठवला. मग वर येऊन जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही आरटीओच्या दोन्ही फॉर्मवर सह्या केल्या. त्याने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका सगळं अगदी सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं. माझ्या बायकोने पोहे केले होते. “वहिनी, आमच्याकडं पोह्यात एवढं खोबरं न्हाई घालत,” असं म्हणत त्याने दुसऱ्यांदा घेतले.

निघताना मी म्हणालो, “भावा, गाडी ने. नावावर करायचं काम महिनाभरात उरकून टाकू.”

“तुम्ही सांगाल तसं, साहेब.”

गाडी नावावर करायची म्हणजे आधी ऑनलाइन अर्ज भरायचा, दोघांच्या मोबाइलवर आलेले ओटीपी टाकायचे, मग आरटीओत जायची तारीख आणि वेळ घ्यायची. त्या वेळेला गाडी, कागद आणि माणसं तिथे हजर पाहिजेत. आम्हा दोघांना जमणारा वार एकच, गुरुवार. पण चाकणच्या पट्ट्यातले सगळेच गुरुवार शोधत असल्यामुळे तो सहज मिळायचा नाही. अर्ज भरायचं काम माझ्याकडे होतं, कारण त्याला ते जमत नव्हतं.

पहिली वेळ मिळाली त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. “साहेब, सुपरवायझरनं सुट्टीचं कामाला बोलावलंय. न्हाई गेलो तर उद्या गेटवरून परत पाठवतील.” मी म्हणालो, ठीक आहे, जा. मला बरंच वाटलं, कारण मलाही त्या दिवशी उठायचा कंटाळा आला होता.

दुसरी वेळ मी रद्द केली.

त्या गुरुवारी माझ्या मेहुण्याच्या नव्या फ्लॅटची सांगवीला वास्तुशांत होती. आरटीओची वेळ सकाळी साडेदहाची. तिथून निघून मी जेवणाच्या पंगतीला आरामात पोचलो असतो. पूजेला काही मी बसणार नव्हतो. मला फक्त आचाऱ्याकडे लक्ष ठेवायचं होतं, आणि ते मी नसतो तरी कुणीही केलं असतं. पण आदल्या दिवशी बायको म्हणाली, “माझ्या भावाच्या घरचं कार्य आहे आणि तुम्ही सकाळी कुठे निघालात?” मी वाद घातला नाही. बसमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर वेळ रद्द केली आणि त्याला फोन केला.

“काय हरकत न्हाई साहेब,” तो म्हणाला. “घरचं कार्य आधी. पुढचा गुरुवार घेऊ.”

पुढचा गुरुवार भरलेला होता. त्याच्या पुढचाही. तीन आठवड्यांनंतरचा मिळाला. मी तारीख त्याला पाठवली, त्याने अंगठा पाठवला.

मधल्या काळात त्याला ब्रेक मिळाला. ठेकेदाराकडच्या पोरांना सहा-सात महिने झाले की काही दिवस घरी बसवतात, त्याला सगळे ब्रेक म्हणतात. पुन्हा बोलावतील याची खात्री नसते. म्हणून तो गाडी काढून रोज वेगवेगळ्या कंपन्यांच्या गेटवर जाऊन उभा राहायचा. एक दिवस मला शिफ्ट सुटताना आमच्याच गेटवर भेटला. दाढी वाढली होती. “मिळंल कुठंतरी,” म्हणाला. “गाडी हाय म्हणून दिवसात चार ठिकाणी तरी जाता येतंय.”

ठरलेल्या गुरुवारच्या आधीच्या मंगळवारी माझी पहिली शिफ्ट होती. लाइनवर मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये असतो. साडेबाराच्या सुमारास सिक्युरिटीचा माणूस थेट लाइनवर आला. “तुमच्या मिसेसचा फोन आहे गेटवर. ताबडतोब चला.” केबिनमध्ये जाऊन मी रिसीव्हर कानाला लावला.

“तुम्ही बोलताय ना?” बायको म्हणाली. “बोला ना काहीतरी. अजून बोला.”

त्याआधी काय झालं होतं ते मला तिने नंतर सांगितलं, तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी.

साडेदहाला दोन पोलीस घरी आले होते. मोटारसायकलचा नंबर सांगून त्यांनी विचारलं, गाडी तुमच्या मिस्टरांची का? ती हो म्हणाली. पहिल्या प्रश्नाला तिच्या तोंडून तेच उत्तर गेलं, कारण आठ वर्षं तो नंबर आमचाच होता. नाशिक हायवेच्या सर्व्हिस रोडवर अपघात झालाय, तुम्हाला सरकारी दवाखान्यात यावं लागेल, असं ते म्हणाले. गाडीवरच्या माणसाच्या खिशात गाडीचं आरसी कार्ड होतं आणि कार्डावर माझं नाव होतं. मोबाइल फुटला होता. दुसरं काही त्याच्याजवळ सापडलं नव्हतं.

तिने मला किती वेळा फोन लावला ते लॉकरमधल्या मोबाइलवर मी नंतर पाहिलं. मी बसने कामाला गेलोय हे तिला ठाऊक होतं, गाडी विकलीय हेही ठाऊक होतं. पण मी फोन उचलत नाही म्हटल्यावर ठाऊक असलेलं सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. आज यांनी कुणाची तरी गाडी मागून घेतली असेल, त्याच पोराची घेतली असेल, असं तिने मनात जुळवलं. तिचा भाऊ सांगवीहून आला आणि तिला घेऊन गेला. वाटेत तो तिला धीर देत होता आणि तिला एक शब्द ऐकू येत नव्हता.

तिथे चादर बाजूला केली. आधी तिला पाय दिसले.

“हे माझे मिस्टर नाहीत,” ती म्हणाली, आणि हसली. मोठ्याने हसली. भावाच्या दंडाला धरून, “हे नाहीत रे, हे नाहीत,” असं म्हणत हसत राहिली. पोलिसाने तिला थोडा वेळ दिला आणि मग विचारलं, “मग हा कोण आहे, ताई? गाडी तर तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे.”

तेव्हा तिने चेहऱ्याकडे पाहिलं.

मी पोचलो तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने माझा हात धरला नाही, रडलीही नाही. “तो पोह्यांवाला आहे,” एवढंच म्हणाली.

आत जाऊन मी ओळख पटवली. चेहऱ्याला फारसं लागलेलं नव्हतं. रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली, तो दुभाजकावर छातीने आदळला. दुसरं कुठलं वाहन नव्हतं, कुणी धडक दिली नव्हती. टेबलावरच्या रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं होतं. पूर्ण नाव, वय, काळेवाडीचा पत्ता. कर्मचाऱ्याने त्यावर आडवी रेघ मारली आणि पेन वर धरून म्हणाला, “सांगा, खरं नाव सांगा.” त्याचं नाव आणि आडनाव मी सांगितलं. वडिलांचं नाव विचारल्यावर मला आमच्या टेबलावरचा तो फॉर्म आणि त्याचं सावकाश काढलेलं अक्षर आठवावं लागलं.

त्याच्या घरचा नंबर माझ्याकडे नव्हता. मेहुण्याच्या गाडीने मी कुरुळीला गेलो. खोलीला कुलूप होतं, बरोबरचे दोघे कामावर. घरमालकीण अंगणात लसूण सोलत बसली होती. जुन्या शेतकरी घरातली म्हातारी. शेतात आता खोल्यांच्या रांगा उठल्या होत्या.

“व्हय, हितंच राहतोय त्यो,” ती म्हणाली. “सकाळीच गेला. आज काम मिळतंय म्हनला, कुठल्याशा कंपनीत बोलावलंय म्हनं. का? काय झालं?”

मी सांगितलं. तिने हातातली पाकळी परत परडीत टाकली. “न्हाई,” ती म्हणाली. “आरं, सकाळी मी त्याला भाकर दिली की.” मग आत जाऊन तिने भाडेकरूंच्या कागदांची पिशवी आणली. मोठ्या भावाचा नंबर त्यात होता.

तो फोन मीच केला. भाऊ शेतात होता. मी माझं नाव सांगितलं, कंपनी सांगितली, आणि पुढे कसं जावं ते कळेना म्हणून म्हणालो, “तो गाडीवरून पडलाय.”

“लई लागलं का?”

मी गप्प बसलो. मग त्याने विचारलं, “आता निघू, का सगळ्यांना घेऊन निघू?”

“सगळ्यांना घेऊन या,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. त्याची बायको मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बारीक, उंच, खांद्यावर झोपलेली मुलगी. ती माझ्याकडे आली नाही. ॲम्ब्युलन्समध्ये बसायच्या आधी तिने मुलीला सासूकडे दिलं आणि पदर नीट खोचून घेतला, कामाला निघाल्यासारखा. बस, एवढंच मला आठवतं.

मोठा भाऊ मागे थांबला होता, पोलीस ठाण्यातल्या कागदांसाठी. माझा जबाब झाला, गाडी विकल्याचं मी सांगितलं, सह्या केलेले फॉर्म दाखवले. बाहेर आल्यावर भावाने विचारलं, “मग कार्ड त्याच्या नावावर का न्हाई झालं?”

“अपॉइंटमेंट मिळत नव्हती,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मी जे बोललो ते खोटं नव्हतं, असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो.

तो ब्रेकवर असल्यामुळे कंपनीकडून, ठेकेदाराकडून काही मिळायचा प्रश्न नव्हता. राहिला होता गाडीचा विमा. तो अजून माझ्याच नावावर होता आणि चालू होता. मेहुण्याला घेऊन मी एजंटकडे गेलो. माझ्या ओळखीचा, सरळ माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, पॉलिसी पाहिली, चष्मा काढून ठेवला.

“यात अपघाती मृत्यूचं कव्हर आहे,” तो म्हणाला. “पण ते मालकाला. मालक तुम्ही. तुम्ही जिवंत आहात.”

“गाडी त्याच्या नावावर झाली असती तर?”

“गाडी आणि पॉलिसी, दोन्ही झालं असतं तर त्याच्या बायकोला मिळालं असतं. लायसन्स होतं ना त्याचं?”

“होतं.”

“मग मिळालं असतं,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघायचं टाळून पॉलिसीची घडी घालू लागला.

हे मी घरी सांगितलं नाही. पण बायकोने कधीतरी मेहुण्याकडून काढून घेतलं असावं. एका संध्याकाळी कणीक मळता मळता ती म्हणाली, “त्या दिवशी मी तुम्हाला अडवलं होतं.” मी म्हणालो, “तू नाही. वेळ मी रद्द केली.” तिने कणकेचा गोळा ताटलीखाली झाकला आणि हात न धुताच गॅलरीत जाऊन उभी राहिली. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही. कुठल्याही घरी वास्तुशांतीचं बोलावणं आलं की आता ती काहीतरी कारण सांगते.

तीनेक महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्याची बायको होती. मुलीला सासूकडे ठेवून ती कुरुळीला आली होती, त्याच घरमालकिणीने एक छोटी खोली दिली होती. एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती.

“ती गाडी कुठंय?” तिने विचारलं.

गाडी मी पोलिसांकडून सोडवून आणली होती. कागदावर मालक मीच, त्यामुळे मलाच दिली. पुढचा वाकलेला भाग बदलून घेतला होता आणि ती पुन्हा जिन्याखाली उभी होती, वर ताडपत्री टाकून.

“ती माझ्या नावावर करून द्या,” ती म्हणाली. “गाडी त्यांनी घेतली होती. तुमच्याकडं राहू देऊ नका.”

मी पुन्हा अर्ज भरला. या वेळी ओटीपी तिच्या मोबाइलवर आला, ती एकेक आकडा वाचून दाखवत होती. गुरुवार शोधत बसलो नाही, मिळाली ती पहिली वेळ घेतली आणि रजा टाकली. पहिल्या खेपेला आम्ही परत आलो, चूक माझी होती. तिच्या आधारवर गावचा पत्ता होता आणि भाडेकराराची प्रत मी घ्यायला सांगितली नव्हती. खिडकीवरची बाई समजूतदार होती, तिने सगळे कागद बघून काय हवं ते लिहून दिलं. पण त्याच्या बायकोचा एक दिवस बुडाला तो बुडालाच. “बिनपगारी,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून.

दुसऱ्या खेपेला उन्हाळा सुरू झाला होता. आम्ही वेळेच्या तासभर आधी पोचलो. गाडी लावली, फाइल तिच्या मांडीवर, आणि एका झाडाच्या सावलीत कठड्यावर बसलो. आसपास नव्या गाड्यांना हार घालून आलेली माणसं होती. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हे माझ्याकडून कधीच सांगून होणार नाही.

“तुम्हाला एक सांगायचंय,” मी म्हणालो. “तुमच्या दिरांना मी म्हणालो की अपॉइंटमेंट मिळत नव्हती. एक मिळाली होती. मी रद्द केली. आमच्या घरचं कार्य होतं. म्हणजे, मी आलो असतो तर जमलं असतं. आणि तेव्हा झालं असतं तर विम्याचं तुम्हाला…”

ती रस्त्याकडे बघत होती.

“माहीत हाय मला,” ती म्हणाली. “त्यांनी त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. साहेबांच्या घरी वास्तुशांत हाय म्हणले.”

मी विचारलं, “मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलू? दिराला? ते तुमच्या दारात येऊन बसले असते. त्यानं काय झालं असतं?” तिने फाइलचा बंद सोडला, पुन्हा बांधला. “विम्याचं मला नंतर कळलं. तवा लई राग आला. रोज रात्री यायचा. आता कामावरून आले की झोपच लागती.”

तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी मागितलीही नाही माफी. मागायला पाहिजे होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचा नंबर आला. खिडकीवरच्या बाईने कागद चाळले, सह्या जुळवल्या. “मिस्टरांचं नाव लिहिलंय ते इथे,” ती म्हणाली, “ते आलेत का?”

“न्हाईत,” त्याची बायको म्हणाली.

खिडकीवरच्या बाईने वर पाहिलं, तिच्या कपाळाकडे, गळ्याकडे, आणि मग काही न विचारता शिक्का मारला. दहा मिनिटांत सगळं झालं. इतक्या कामाला दहा मिनिटं लागतात.

तिची दुसरी शिफ्ट होती. बसने पोचली नसती. मी म्हणालो, सोडतो. ती मागे बसली, मध्ये फाइल धरून. मोशीवरून पुढे, इंद्रायणीचा पूल ओलांडून आम्ही सर्व्हिस रोडला लागलो. ट्रेलरच्या रांगा उभ्या होत्या, त्यांच्या बाजूने मी सावकाश चाललो होतो. जिथे जायची मला भीती वाटत होती ती जागा जवळ आली. मी काहीच बोललो नव्हतो, पण माझा वेग आणखी कमी झाला असावा.

“इथंच का?” मागून तिने विचारलं.

“हो.”

“थांबवू नका,” ती म्हणाली.

मी थांबवली नाही. कारखान्याच्या गेटवर ती उतरली. पदर डोक्याला गुंडाळला, फाइल काखेत घेतली. मी चावी पुढे केली तर म्हणाली, खोलीवर नेऊन लावा, घरमालकिणीकडं द्या. मग पंचिंगच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

महिन्याभराने कार्ड तिच्या पत्त्यावर आल्याचं तिने फोन करून कळवलं. गाडी तिचा धाकटा भाऊ चालवतो असं ऐकतो, तोही आता इकडेच कामाला आलाय. मुलगी अजून गावाकडेच आहे. आमची बस रोज कुरुळी फाट्यावरून जाते. पहिल्या शिफ्टच्या वेळी तिथे पॅकिंगच्या बायकांचा घोळका उभा असतो. मी खिडकीशी बसलो तर तिकडे बघतो. बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला बसतो.